दिव्याच्या तेलाबद्दल

मीनाकार्नच्या फाटकावरून युनिटी मॅग्रोर्टीनं
पेन्सिलीनं लिहून पाठवलं होतं, सदतीस साली:
"दिव्यातलं तेल संपलं. कळावे."
मी संयुक्त समितीचा कारकून.
त्या एका ओळीच्या दोन नकला केल्या,
एक डब्लिनला, एक समुद्रापार डर्बीला,
कारण आमच्या रुळांना मालक दोन
आणि दोघांपैकी एकानंही मीनाकार्न पाहिलेलं नव्हतं.

रूळ मात्र अरुंद. तीन फूट.
डोनेगलच्या डोंगरात वाटा मेंढरांनी आधीच आखलेल्या,
आणि दलदल जास्त वजन खपवून घेत नाही.
तेव्हा इंजिनं लहान, डबे लहान, पगार लहान.
कागद तेवढे मोठे.
पूर्ण फुलस्केप, दोन प्रतींत.

टोलंडची गाय गाडीखाली आली
तेव्हा भरपाई निम्मी निम्मी ठरली.
ब्रायडी टोलंड ओली शाल न काढता कचेरीत बसली,
म्हणाली, मेलेली तर एकच होती ना?
मी ते इतिवृत्तात घेतलं नाही.
घ्यायला हवं होतं.

त्याच्याही आधी देशाचे दोन झाले होते. गाडी तीच.
जकातवाले टोपल्यांतली अंडी हलवून बघत,
आणि डब्यातला एखादा म्हातारा टोपी काढायला तयार नसे.
टोपीखालचं लोणी
हळूहळू गालावरून उतरायचं.
कॉन्डी ब्रेस्लिन, फायरमन, फावड्यावर रेलून विचारायचा:
कोळसा इथला, धूर तिथला,
जकात नेमकी कशावर घेणार, साहेब?

नंतर पेट्रोलवरची गाडी आली, बसच्या थोबाडाची.
मॅनस बॉयसच्या लेखी स्टेशन म्हणजे
जिथे कुणी हात केला ती जागा.
पावासाठी यीस्ट, कालचं वर्तमानपत्र,
डॉक्टरची बाटली, एखाद्याच्या मयताची फुलं,
सगळं त्याच्या सीटमागे, पावतीविना.
समितीनं खुलासा मागवला.
मॅनसनं उत्तरात दोन अंडी पाठवली.
एकेक दोन्ही मालकांना धाडावं का, हा विचार
माझ्या मनात आला होता, खोटं कशाला बोलू.

अठ्ठेचाळीसच्या पहिल्या सकाळी डर्बीचा मालक
सरकार होऊन उठला.
पाच वर्षांनी डब्लिनचाही गेला,
दोन सरकारांच्या एकाच मंडळाकडे,
म्हणजे एका हातानं दुसऱ्या हाताची नाडी बघणं.
आता आम्ही सगळ्यांचे झालो.
सगळ्यांच्या मालकीच्या विहिरीचा पोहरा
कुणी बदलत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

शेवटची बैठक बावीस मिनिटं चालली.
सूचक. अनुमोदक. विरोधात कोणी नाही.
चहा दिला गेला, त्याचीही नोंद आहे.
रूळ वजनावर विकले. स्लीपर
शेताशेतांतून फाटकाचे खांब होऊन उभे राहिले,
डांबराचा वास न सोडता.

आणि साठच्या मार्चात,
मी पेटी आवरत असताना,
डर्बीहून पाकीट आलं:
मीनाकार्न फाटकाच्या तेलाचा खर्च मंजूर,
आपल्या हिश्शापुरता.

बसनं गेलो. वळणावर उलटी आली मला,
रुळांवर कधी आली नव्हती.
फाटकाच्या खोलीत कोंबड्या.
युनिटीनं चष्मा पुसला, आकडा वाचला,
मग विचारलं, इतकी वर्षं दिवा कशावर जळत होता
ते कुणी विचारलं का?
मी म्हटलं, नाही.
म्हणाली, माशाच्या काळजाच्या तेलावर.
भाऊ आणून द्यायचा. घाण वास यायचा,
पण मॅनसला लांबून दिसायचा.
मग पाकीट उलटं करून झटकलं:
आणि उरलेलं निम्मं?

पत्र पाठवतो, म्हणालो.
घरी येऊन खरंच लिहिलं,
सवयीनं दोन नकला केल्या, शिक्के मारले.
पत्त्याची जागा
अजून कोरी आहे.